नोला जीनचा पळता हात

आमच्या खोऱ्यात त्या काळी मुलगी शाळा संपवून मोज्यांच्या गिरणीत लागली की तिची आई निर्धास्त व्हायची. नोला जीन सेट्झर तशीच लागली, आणि केस पांढरे व्हायला लागले तरी तिथेच होती. तिचं काम मोज्याची बोटांकडची बाजू शिवायचं. यंत्रावरून मोजा विणून यायचा तो नळीसारखा, दोन्ही टोकांना उघडा. तो उचलायचा, सुईच्या तोंडाशी नेमका धरायचा, सोडायचा. तो सुटेपर्यंत डाव्या हातात पुढचा आलेला असायचा. मजुरी डझनावर, त्यामुळे थांबणं म्हणजे काय हे त्या हातांना ठाऊकच नव्हतं. घरी परसदारी घेवड्याच्या शेंगा मोडायला बसली तरी तोच वेग. तिचा नवरा गार्लंड पायरीवर बसून बघायचा आणि म्हणायचा, "हळू गं बाई. त्या शेंगा तुझं काही देणं लागत नाहीत, उगाच का त्यांच्या मागे लागतेस?"

गिरणीत आवाज एवढा, की शेजारणीच्या कानाशी ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. म्हणून बायका नुसत्या ओठांनी बोलायच्या. कुणाची सून रुसून माहेरी गेली, कुणी भाजलेल्या गोड पायमधली पीचची फळं आंबट निघाली, सगळं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला आवाज न करता पोचायचं. नोलाची जिवाभावाची मैत्रीण व्हर्लीन हफमन चार यंत्रं पलीकडे असायची. दोघींना याची इतकी सवय, की रविवारी चर्चमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसूनही त्यांचं चालू असायचं. पाद्रीबुवांना वाटायचं, या दोघी किती मन लावून प्रार्थना पुटपुटताहेत. प्रत्यक्षात व्हर्लीन विचारत असायची, कोंबडी तळलीस की भाजायला ठेवून आलीस?

मग एका वसंतात, ईस्टर होऊन गेल्यावर, मॅनेजरने सगळी यंत्रं बंद करायला लावली आणि एका खोक्यावर उभं राहून सांगितलं की गिरणी कायमची बंद होतेय, यंत्रं बोटीवर चढून परदेशी जाणार. कामाच्या दिवशी तो मजला इतका शांत कुणीच कधी बघितला नव्हता. आणि गंमत अशी, की त्या शांततेतही बायका एकमेकींशी ओठांनीच बोलत राहिल्या.

नोलाचा प्रश्न इतरांपेक्षा जरा अवघड होता. गार्लंड फर्निचरच्या कारखान्यात टेबलांचे पृष्ठभाग घासून गुळगुळीत करायचा. त्यातून उडणारा भुसा वर्षानुवर्षं छातीत जाऊन बसला आणि डॉक्टरांनी त्याला घरी बसवलं. घर चालायचं ते नोलाच्या हातांवर. आता ते हात रिकामे झाले म्हटल्यावर गार्लंडच्या भावाचा, फेरेलचा, किनाऱ्यावरून फोन आला. त्याचं तिथे छोटं मोटेल होतं. "दोघंही इकडे या. वहिनी खोल्या आवरेल, दादा काउंटरवर बसेल. घर विकून टाका. फक्त नाताळपर्यंत काय ते सांगा, नाहीतर मी दुसरं कुणी बघतो."

फेरेलचं चुकीचं काहीच नव्हतं. पण ते घर गार्लंडने आणि त्याच्या बापाने स्वतःच्या हातांनी उभं केलेलं. मागे नोलाचा भाजीचा तुकडा, टेकडीवरच्या चर्चमागे तिच्या आईची कबर. सगळं सोडून समुद्राकाठी लोकांच्या चादरी बदलायच्या, हा विचार आला की ती खुरपं घेऊन त्या तुकड्यात जाऊन बसायची. ती एवढंच म्हणाली, "नाताळ अजून लांब आहे."

गिरणीतून सुटलेल्यांची शिक्षणाची फी सरकार भरणार, असं कळलं तेव्हा अर्धी गिरणी हायवेजवळच्या कॉलेजात लोटली. आमचं ते कॉलेज म्हणजे काही मनोरे आणि हिरवळीवाला प्रकार नव्हे. विटांच्या चार बसक्या इमारती, मागे पत्र्याच्या दोन शेड, आणि पार्किंगमध्ये सगळ्या ओळखीच्या गाड्या. सकाळी नर्सिंगच्या मुली, दुपारी हिशेब शिकणारे, संध्याकाळी कामावरून तसेच आलेले इलेक्ट्रिशियन. नाव घालायच्या दिवशी नोला आणि व्हर्लीन रांगेत एकत्र उभ्या होत्या. दोघींना ऑफिसकामाचा कोर्स हवा होता. खुर्चीवर बसून करायचं काम, त्यात हिशेब, टायपिंग, कॉम्प्युटर. खिडकीशी पोचल्या तेव्हा एकच जागा उरली होती.

व्हर्लीनचा गुडघा सुजून भोपळा झालेला. नोलाने तिला कोपराने पुढे ढकललं.

"अगं, तुझं काय?" व्हर्लीन म्हणाली.

"माझे गुडघे शाबूत आहेत. तू बस खुर्चीवर."

खिडकीतली मुलगी कागद चाळत म्हणाली, "मॅम, नर्सिंग भरलंय. प्रयोगशाळा सहायक भरलंय. वेल्डिंगमध्ये मात्र जागा आहेत."

"तिथे काय शिवतात?" नोलाने विचारलं.

"लोखंड," मुलगी हसू दाबत म्हणाली.

"मग ठीक आहे. शिवणच आहे ना?"

त्या संध्याकाळी गार्लंडने बातमी ऐकली आणि मक्याच्या कॉर्नब्रेडचा तुकडा हातातच राहिला. "इतकी वर्षं संसार केला आणि आता कळलं की बायको लोहार आहे," तो म्हणाला. पण नोलाने सगळी चौकशी करून ठेवली होती. नदीपलीकडे दुधाच्या टाक्या बनवणारा कारखाना होता. सत्राच्या शेवटी कॉलेजात जोडाची चाचणी व्हायची, त्यात पास होणाऱ्याला ते बिनधोक कामावर घेत. चाचणी डिसेंबरात, नाताळच्या आधी. पास झाली तर घर राहतं, नाही झाली तर फेरेल आहेच.

वेल्डिंगचे मास्तर होयट बोलिक. हा पाठीत किंचित वाकलेला, काटक माणूस तरुणपणी जहाजांच्या गोदीत होता. दातांत कायम एक काडी, बोलणं कमी. लग्न झालेल्या बाईलाही मानाने 'मिस' म्हणायची आमच्याकडची जुनी रीत ते पाळायचे. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर लोखंडाच्या दोन प्लेटी काढल्या, मधे फट काढली आणि म्हणाले, "हे आणि हे एक करायचं. चिकटवायचं नाही, एक करायचं. बाकी सगळं यातच आलं."

सकाळी धातूंच्या विज्ञानाचा तास असायचा. लोखंड तापलं की आत काय होतं, झटकन थंड केलं तर ठिसूळ का होतं, हे नोलाला फार आवडलं. तिला वाटायचं, हे तर साखरेच्या पाकासारखंच आहे, शाळेत असं कुणी सांगितलं असतं तर. दुपारच्या सुट्टीत ती आणि व्हर्लीन व्हर्लीनच्या गाडीत बसून टोमॅटोची सँडविचेस खायच्या. व्हर्लीनच्या पुस्तकातली जमा-खर्चाची पानं आणि नोलाचे चामड्याचे हातमोजे मागच्या सीटवर एकमेकांवर पडलेले असायचे. "आमची बाई म्हणते, व्यवसायात भांडवल महत्त्वाचं," व्हर्लीन म्हणायची. "मी म्हटलं, ते आणायला आम्हाला कुठल्या इमारतीत पाठवता?" दोघी हसायच्या. आज नोलाला विचारलं तर ती त्या गाडीतल्या जेवणांबद्दलच आधी सांगते, टोमॅटोचा रस कोपरापर्यंत ओघळायचा ते, आणि खिडकीच्या काचेवर वाफ धरायची ते.

शेडमधला भाग मात्र सोपा नव्हता. पडद्यांनी वेगळे केलेले छोटे कप्पे, प्रत्येकात एक टेबल, एक मशीन. डोक्यावरच्या मुखवट्याची काच खाली पाडली की सगळं जग काळं. मग हातातल्या, वीज खेळवलेल्या रॉडचं टोक प्लेटला टेकलं की तेवढाच एक हिरवट ठिपका, आणि त्यात वितळलेल्या लोखंडाचा इवलासा तलाव. नोलाला सगळ्यात जड गेली ती ती काच. त्या काचेतून कुणाचे ओठ दिसत नव्हते. गिरणीत आवाजात असून ती कधी एकटी नव्हती. इथे होती.

पण हात तिचाच. पहिल्या आठवड्यातच तिची रेघ इतकी सरळ आणि एकसारखी आली की बाकीचे पडदा सारून बघायला आले. तिने हातोडीने वरची काळी खपली उडवली. खाली चांदीची बारीक वीण. होयट मास्तरांनी प्लेट शिकंज्यात धरली आणि हातोड्याचा एकच घाव घातला. जोड सरळ उकलला.

"शिवण सुरेख आहे, मिस नोला," ते म्हणाले. "पण कापड जोडलंच गेलं नाही."

"का?"

"तुम्ही निघून गेलात. लोखंड वितळायच्या आत तुम्ही पुढे."

तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच. उभ्या जोडात तर जास्तच. चाचणी उभ्याच जोडाची असायची. खालून वर जाताना रॉड डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत नागमोडी न्यायचा. कडेशी क्षणभर थांबायचं, म्हणजे तिथलं लोखंड भरून येतं. मधून मात्र चटकन ओलांडायचं. नोला सुरुवात व्यवस्थित करायची. अर्ध्यावर आली की हात सुटायचा, कडा न भरता वर धावायचा. कडेला नखाने ओरखडल्यासारखा चर राहायचा.

मास्तरांनी एके दिवशी सगळ्यांच्या प्लेटी टेबलावर मांडल्या. फर्निचरच्या कारखान्यातून आलेल्यांच्या रेघा वाकड्यातिकड्या, पण घट्ट. गिरणीतून आलेल्या प्रत्येकाची रेघ देखणी आणि पोकळ. लाओसहून येऊन गिरणीत विणकामाची यंत्रं सांभाळलेला न्हिया वांग तिच्या शेजारच्या कप्प्यात होता, त्याचीही तीच कथा. मास्तरांनी दातातली काडी काढली.

"तुम्हा गिरणीवाल्यांनो, इथे डझनाचा भाव नाही. एकच मोजा शिवायचाय. दिवसभर घ्या."

न्हिया हळूच म्हणाला, "मास्तर, माझ्या हाताला सांगा. मला पटलंय."

नोलाने सगळं करून पाहिलं. मनात आकडे मोजले. आकडेच पळू लागले. श्वास मोजला, श्वासही पळाला. घरी ती स्वयंपाकघरात बोथट पेन्सिल घेऊन भिंतीवर नागमोडी काढायची. गार्लंड म्हणाला, "भिंत रंगवायचीच होती, ठीक आहे. पण त्या फेरेलला काय सांगू? दर रविवारी विचारतो."

"सांग, बायको भिंतीवर चित्रं काढतेय."

तो हसला, पण लगेच खोकला आला. तो थांबल्यावर म्हणाला, "तिथे गेल्या वर्षी गेलो होतो, तेव्हा मला श्वास बरा लागत होता." नोलाने पेन्सिल खाली ठेवली.

ऑक्टोबरात चर्चच्या अंगणात ॲपल बटरचा दिवस आला. नावात लोणी असलं तरी त्यात लोण्याचा थेंब नसतो. सफरचंदाचा गर तांब्याच्या मोठ्या हंड्यात, लाकडाच्या जाळावर, काळसर आणि दाट होईपर्यंत आटवायचा, दालचिनी घालायची, बरण्या भरून विकायच्या. चर्चचं छप्पर दर काही वर्षांनी त्यावरच दुरुस्त होतं. दिवस उजाडल्यापासून ढवळायला सुरुवात करायची, ती संध्याकाळपर्यंत. लांब दांड्याच्या टोकाला आडवी लाकडी फळी असते, तिने. कडेचं लागतं सगळ्यात आधी, म्हणून फळी कडेला टेकवून तिथे रेंगाळायचं, मग मधून एकदम पलीकडे, पुन्हा कडेला. जळकट वास आला तर सगळ्यांचा दिवस वाया, आणि कुणाच्या पाळीत लागलं हे पुढची दहा वर्षं विसरलं जात नाही.

नोलाची पाळी दुपारची. व्हर्लीन जवळच खुर्चीवर बसून सालं सोलत होती. धूर डोळ्यांत जात होता, कुणीतरी हॅम भरलेली, पावासारखी मऊ बिस्किटं वाटत होतं. होयट मास्तर बायकोबरोबर बरण्या न्यायला आले होते. ते थोडा वेळ हंड्यापाशी उभे राहिले, पँटच्या खिशात हात घालून.

"मिस नोला, किती वेळ ढवळताय?"

"पाळी संपेपर्यंत. का? तुम्हाला घ्यायचंय?"

"नको. मी बघतोय." ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही कडेला थांबताय."

"नाही थांबले तर लागेल."

"आणि घाई नाही करत."

"घाई करून काय करू? हे त्याच्या वेळेनेच होणार." बोलता बोलता ती थांबली. फळी मात्र चालूच राहिली, कडेला टेकली, मधून पलीकडे गेली.

व्हर्लीनने सोलण्यावरून मान वर केली आणि नुसते ओठ हलवले: आता तरी डोक्यात शिरलं का गं?

मास्तरांना ओठ वाचता येत नव्हते, पण नोलाच्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं. "सोमवारी हेच करा," एवढंच बोलून ते बरण्यांकडे गेले.

सोमवारी लगेच जमलं असं नाही. हातातला तो रॉड काही ढवळायची फळी नव्हता, आणि गिरणी अंगातून इतक्या सहज जात नाही. पण आता चुकलं की कुठे चुकलं ते तिला कळायचं. वितळलेला तो तलाव तिला हंड्यातल्या रटरटण्यासारखा दिसायला लागला. कडेला भरून आला की मगच सोडायचा. कधी हात पळालाच, तर ती काचेमागे स्वतःशीच ओठ हलवून म्हणायची, लागेल, लागेल. शेजारच्या कप्प्यातून न्हियाने एकदा डोकावून विचारलं, "काय लागेल?" तिने त्याला सफरचंदाची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "माझी आई भाताची पेज अशीच ढवळायची." आणि पडदा ओढून घेतला. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत दोघांच्याही प्लेटी हातोड्याला दाद देईनाशा झाल्या.

चाचणीच्या दिवशी गारठा पडला होता. शेडच्या पत्र्यावर दव गोठलेलं. नोलाने दोन प्लेटी उभ्या लावल्या, काच पाडली आणि खालून सुरुवात केली. तडतड एकसारखी होती, बेकन मंद आचेवर परतताना होते तशी. मधोमध आल्यावर जुनी ओढ आलीच, मनगटाला कुणी पुढे खेचावं तशी. ती डाव्या कडेला थांबली. भरून आलं. मग उजवीकडे. वर पोचली तेव्हा खांदा भरून आला होता, पण तिने हात खाली घेतला नाही, रॉड स्वच्छ उचलला.

मास्तरांनी जोडातून दोन पट्ट्या कापल्या, ग्राइंडरने सपाट केल्या, आणि एकेक पट्टी दाबयंत्राखाली ठेवली. हे यंत्र पट्टीला वाकवून घोड्याच्या नालासारखी करतं. जोडात कुठे पोकळी असेल तर ती त्या वाकात तोंड उघडते. पहिली पट्टी वाकली. मास्तरांनी ती उजेडात फिरवली, टेबलावर ठेवली. दुसरी वाकली. त्यांनी ती फिरवली, थांबले, चष्मा कपाळावर सारला. जोडाच्या कडेला केसाएवढी एक भेग उघडली होती.

नोलाला ती त्यांच्या आधी दिसली होती. शेडमध्ये बाकी मशीनं चालू होती आणि तिला एकही ऐकू येत नव्हतं. गार्लंडने सकाळी मिठाच्या डब्यावर चिठ्ठीत लिहून ठेवलेला फेरेलचा नंबर तेवढा तिच्या डोळ्यांसमोर आला.

मास्तरांनी खिशातून छोटी मोजपट्टी काढून भेगेवर धरली. मग पुन्हा धरली.

"भेग आहे," नोला म्हणाली.

"आहे. नियमात चालते तेवढी."

"गिरणीत हा माल बाजूला टाकला असता."

"इथे त्याला पास म्हणतात," होयट बोलिक म्हणाले, आणि दोन्ही पट्ट्या तिच्या हातात दिल्या. त्या अजून कोमट होत्या.

व्हर्लीन आपला तास सोडून पार्किंगमध्ये येऊन उभी होती. लांबूनच तिने ओठांनी विचारलं आणि नोलाने ओठांनीच सांगितलं. मग व्हर्लीनने मात्र गिरणीची रीत मोडली आणि मोठ्याने बोलली, एवढ्या मोठ्याने की नर्सिंगच्या मुली वळून बघायला लागल्या. काय बोलली ते चर्चमध्ये बोलण्यासारखं नव्हतं.

घरी गार्लंड स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. नोलाने भेग असलेली पट्टी त्याच्यासमोर ठेवली. त्याने पट्टी उचलली, डोळे मिटले, आणि अंगठा वाकावरून सावकाश फिरवला, इकडून तिकडे, पुन्हा इकडून तिकडे.

"जोड कुठे आहे?" त्याने विचारलं.

"शोध."

अंगठा फिरत राहिला. एका जागी थबकला. "इथे काहीतरी आहे."

"तेवढं चालतं म्हणाले."

"बाकी मला सापडत नाही," तो म्हणाला, आणि डोळे उघडून पट्टीकडे बघत बसला. त्याच्या हाताखालून किती टेबलं गेली असतील. जोड सापडत नाही असं तो त्यातल्या फार थोड्यांबद्दल म्हणाला होता.

मग त्याने फोन उचलला. "फेरेल, आम्ही नाही येत... नाही रे, तब्येत आहे तशीच. तुझ्या वहिनीला कारखान्यात घेताहेत... हो, वेल्डिंग... मी काय सांगतोय ते ऐकतोयस ना? लोखंड." फोन ठेवून तो परत येऊन बसला.

"तुला जायचं होतं ना?" नोलाने विचारलं.

"थोडंसं."

"मला ठाऊक होतं."

"मला ठाऊक होतं की तुला ठाऊक आहे." त्याने पट्टी तिच्याकडे सरकवली. "उन्हाळ्यात सुट्टी देतात का तिथे?"

"विचारते."

देत होते. त्यानंतर गार्लंड होता तोवर दर जुलैमध्ये ते दोघं आठवडाभर फेरेलकडे जायचे. नोला सकाळी वाळूत खुर्ची मांडून द्यायची आणि तो तिथे बसून भरभरून श्वास घ्यायचा, पुढच्या वर्षभराचा साठवून ठेवतोय असा. मग रविवारी गाडी डोंगरांकडे वळायची, आणि घराच्या वाटेला लागल्यावर तो खिडकीची काच खाली करून म्हणायचा, "बरं का, हवा तिथली चांगली. पण झोप इथलीच."